ताम्रपटातली अट आणि गावाचा हिशेब

वर्ध्याजवळचे, धाम नदीकाठचे पवनार आपण विनोबांच्या आश्रमामुळे ओळखतो. गाव मात्र फार जुने. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक तो मान मनसरला देतात. तो वाद राहू द्या.

प्रवरपुराहून पाचव्या शतकात निघालेला एक ताम्रपट अचलपूरजवळ चम्मक येथे सापडला. राजाच्या कारकिर्दीचे ते १८ वे वर्ष. गाव १००० ब्राह्मणांना दान दिले, राजाच्या शिपायांनी तिथे शिरू नये असेही लिहिले. पण पुढे अट घातली! दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, लढाई करू नये, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. अट मोडली आणि राजाने जमीन काढून घेतली, तर ती चोरी ठरणार नाही.

म्हणजे अधिकार दिला, त्याबरोबर जबाबदारीही बांधली. मात्र जाब विचारणारा एकटा राजा होता.

आज तो हक्क तुमचा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च आणि कारभाराचा अहवाल ठेवावा लागतो. रस्ता, नाली, दिवाबत्ती यांवर काय खर्च झाला, ते तिथे विचारता येते. गुरुजी, मुलांना ताम्रपटाची गोष्ट सांगा, आणि मोठ्यांना सभेला धाडा. विचारणारेच आले नाहीत, तर अहवाल कुणासाठी वाचायचा?