हात धुण्याचा वेळ कोणाचा?

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेले. शिक्षण म्हणाल तर रात्रशाळा आणि गावचे वाचनालय. पण आपल्या रायगडात तळोज्याला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल तयार होते, ते कोठे जाते याचे कुतूहल मला फार दिवसांपासून होते. 2020 च्या मार्चात सरकारने सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले, 200 मिलिलिटरच्या बाटलीस 100 रुपयांची मर्यादा घातली, आणि हे द्रव्य घरोघर पोचले. त्याचे खरे घर मात्र रुग्णालय. तेथे ते कसे शिरले, त्याची ही हकिगत.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्यात शेकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. पहिल्या विभागात नको, म्हणून बायका हातापाया पडत. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात, हे सेमेलवाइस या डॉक्टराने ताडले आणि 1847 च्या मे महिन्यात क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. 1848 साली पहिल्या विभागातले मरण शेकडा सव्वावर आले. वरिष्ठांना मात्र आपल्याच हातांवरचा हा ठपका रुचला नाही.

पुढे जंतूंचा शोध लागला, वाद मिटला. तरी हात धुतले जात ना! जिनिव्हाच्या रुग्णालयात दिदिए पिते यांनी 1994 साली पाहणी केली, तेव्हा धुवायला हवे त्या शंभर वेळांपैकी 48 वेळाच हात स्वच्छ होत होते. आणि काम जितके अधिक, तितके प्रमाण कमी. यात आळस कोठे आला? 1997 साली दोघा संशोधकांनी हिशेब मांडला. अतिदक्षता विभागात बारा जणांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुतले, तर एका पाळीत मिळून सोळा तास नळाशीच जातील. खाटेजवळच्या अल्कोहोलने तीन तासांत भागेल. हा हिशेब वाचून मी पुस्तक मिटून बसलो. तो आमच्या युनियनने मांडायला हवा होता!

जिनिव्हात खाटांशी बाटल्या आल्या, भिंतींवर चित्रे लागली, पाहणी चालू राहिली. 48 चे 66 झाले, आणि रुग्णालयात जडणारे संसर्ग शेकडा 16.9 वरून 9.9 वर आले. सारे श्रेय बाटलीचे नव्हे, हे खरे.

अल्कोहोल जंतूंची प्रथिने मोडते. त्यासाठी थोडे पाणीही लागते, म्हणून निव्वळ अल्कोहोलपेक्षा 60 ते 80 टक्क्यांचे अधिक गुणकारी. वीस-तीस सेकंद हात चोळावे लागतात. हातांना रक्त वा घाण लागली असेल, किंवा क्लॉस्ट्रिडियमसारखे बीजाणू धरणारे जंतू असतील, तर साबण-पाण्याला पर्याय नाही.

येथल्याच एका इस्पितळात हात न धुतल्याबद्दल कंत्राटी परिचारिकेला मेमो मिळाला. मी गेलो, पावले मोजली. नळ खाटेपासून त्रेसष्ट पावलांवर, आणि दोन वॉर्डांत तो एकच. आम्ही मागणीपत्रात पगारवाढीच्याही वर पहिले कलम घातले: प्रत्येक खाटेशी एक बाटली. सात महिन्यांनी बाटल्या आल्या. त्या भरायला माणूस मात्र अजून नेमलेला नाही, परिचारिकाच भरतात.