कंपनीत मत कोणाचं?

उत्पादक कंपनीची वार्षिक सभा जवळ आली, की आम्ही गटागटांत निरोप देत फिरतो. तेव्हा हमखास ऐकू येतं, "ताई, आमचा शेअर एवढासा. आमच्या मताला कोण विचारतंय?" म्हणून आज आम्ही इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहोत.

आपल्या देशावर राज्य केलेली ईस्ट इंडिया कंपनी 1600 साली लंडनमध्ये सुरू झाली. ती भागधारकांची कंपनी होती. अठराव्या शतकात तिथला नियम असा, की 500 पौंडांचे भाग नावावर असले की सभेत एक मत. भाग जास्त असले तरी मत एकच. बाईच्या नावावर भाग असतील तर तिलाही मत होतं. त्याच इंग्लंडात बायकांना संसदेसाठी मत मिळायला 1918 साल उजाडलं, तेही सगळ्याजणींना नाही.

पण मातब्बरांनी पळवाट काढली. 1763 च्या निवडणुकीत रॉबर्ट क्लाइव्ह आणि लॉरेन्स सलिव्हन यांच्या गटांत चुरस लागली. भागांचे 500-500 पौंडांचे तुकडे पाडून ते ओळखीच्या माणसांच्या नावावर चढवले गेले. नाव एकाचं, मत दुसऱ्याचं!

1770 मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. तरी 1771 मध्ये लंडनमध्ये लाभांश साडेबारा टक्क्यांवर गेला. भूक बंगालात आणि मत लंडनात. पुढच्याच वर्षी कंपनी कर्जासाठी सरकारच्या दारात उभी राहिली.

मग 1773 चा कायदा आला. एका मतासाठी 1000 पौंडांचे भाग, तेही वर्षभर नावावर हवेत. 10,000 पौंडवाल्याला चार मतं. खोटी मतं रोखायला नियम केला, पण त्यात लहान भागधारकाचं खरं मतही गेलं.

आजही मोठ्या कंपन्यांत साधारणपणे जितके शेअर, तितकी मतं. आपल्या उत्पादक कंपनीत मात्र सगळ्या सभासद व्यक्तीच असल्या, तर शेअर कितीही असोत, प्रत्येकीला एकच मत. दहा शेअरवालीला एक आणि शंभरवालीलाही एक.

मैत्रिणींनो, हे मत कोऱ्या कागदावर सही करून कुणाच्या हाती देऊ नका. सभेची नोटीस गटात मोठ्यानं वाचून घ्या. नफा किती झाला, तो कुठे गेला, संचालक कोण होणार, हे विचारा. आणि मगच हात वर करा.