पोलादाच्या वेल्डिंगमधील ध्वनी उत्सर्जन निरीक्षण

वेल्डिंगनंतर सांधा थंड होत असताना पोलादाच्या अंतर्रचनेत होणारे बदल धातूतून निघणाऱ्या सूक्ष्म तरंगांवरून ओळखण्याची अविनाशी पद्धत. अल्ट्रासॉनिक तपासणीत तरंग बाहेरून सोडावे लागतात. येथे ते धातूतच उपजतात.

तत्त्व : सांध्यालगतचे पोलाद सु. ७२७° से.च्या वर तापले की त्यात ऑस्टेनाइट तयार होऊ लागते. ते सावकाश निवले, तर कार्बनचे अणू विसरणाने सरकून फेराइट व पर्लाइट बनतात. हा बदल संथ आणि जवळजवळ निःशब्द असतो. झपाट्याने निवल्यास कार्बनला सरकायला वेळ मिळत नाही. स्फटिकजालक कर्तनाने एकाएकी कलते, आकारमान वाढते आणि कठीण, ठिसूळ मार्टेन्साइट बनते. या धक्क्यांनी तरंग उठतात.

इतिहास : १९३६ मध्ये जर्मनीत फर्स्टर व शाइल यांनी निकेलयुक्त पोलादात मार्टेन्साइट बनतानाचे आवाज उपकरणाने नोंदले. म्यूनिक येथील योझेफ कायझर यांच्या १९५० च्या प्रबंधाने ध्वनी उत्सर्जनाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घातला.

कार्यपद्धती : तप्त सांध्यावर दाबविद्युत् संवेदक टिकत नाही, म्हणून जवळ धातूची कांडी जोडून तिच्या थंड टोकाला तो बसवतात. साधारणपणे १०० ते ३०० किलोहर्ट्झ पट्ट्यातील संकेत टिपले जातात. शेजारी थर्मोकपल लावून संकेत व तापमान एकाच कालरेषेवर मांडतात. सु. ०.४ टक्के कार्बन असलेल्या ४३४० जातीच्या पोलादात मार्टेन्साइट सु. ३००° से.ला बनू लागते. संकेतांची गर्दी तेथून सुरू झाली, तर सांधा कडक होत असल्याचे कळते.

मर्यादा : विद्युत् प्रज्योत, तडकून उडणारा स्लॅग आणि क्लॅम्पची घसरण यांचेही आवाज या संकेतांत मिसळतात. तडा गेल्याचा संकेत मार्टेन्साइटच्या संकेतासारखा दिसू शकतो. मात्र हायड्रोजनमुळे पडणारे तडे सांधा निवल्यानंतर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही उद्‌भवतात. त्यामुळे संकेताची वेळ व तापमान यांवरून दोहोंत फरक करता येतो. तापमानाच्या जोडीविना केवळ आवाजावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कठिनता चाचणी व सूक्ष्मदर्शकीय तपासणी यांची जागा ही पद्धत घेत नाही. सांधा सावकाश निवावा म्हणून वेल्डिंगआधी केलेले पूर्वतापन पुरेसे झाले की नाही, हे सांधा निवत असतानाच सुचवणे हा तिचा खरा उपयोग होय.