डिजिटल कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड आणि इतिहास संशोधक : विश्वासार्हतेचा विचार

प्रस्तावना :
इतिहासाच्या अभ्यासकास साधनांची चिकित्सा शिकविली जाते; मात्र ती साधने ज्या वस्तूवर टिपून आणली जातात, तिची चिकित्सा सहसा होत नाही. खाजगी संग्रहातील मोडी कागद हाताने उतरवून घेण्याऐवजी कॅमेऱ्याने टिपण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा वेळी कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड हेच काही काळ त्या प्रतीचे एकमेव वाहक असते. प्रस्तुत लेखात या कार्डाचा इतिहास व त्याची निवड यांचा विचार केला आहे.

कार्डांची वाटचाल :
जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरीचा शोध लावला व १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. पुढे १९९४ मध्ये सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९८ मध्ये सोनीचे मेमरी स्टिक, १९९९ मध्ये मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा यांचे एसडी आणि २००२ मध्ये ऑलिंपस व फुजीफिल्म यांचे एक्सडी अशी कार्डे आली. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत बसत नसे. अखेरीस एसडी सर्वमान्य झाले. २०१० मध्ये सोनीनेही ते स्वीकारले. मोडी वाचणारा न मिळाल्यास कागद जसा मुका होतो, तशीच अवस्था मागे पडलेल्या प्रकारांतील कार्डांची झाली आहे.

विश्वासार्हतेचा प्रश्न :
फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते आणि प्रत्येक लेखन-पुसणीगणिक तिची थोडी झीज होते. परंतु संशोधकाची काही हजार छायाचित्रे त्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोहोचतात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा धोका बनावट कार्डाचा आहे. अशा कार्डातील नियंत्रक चिप प्रत्यक्षाहून अधिक क्षमता सांगते. खरी जागा भरल्यावर नवी छायाचित्रे नाहीशी होतात किंवा जुन्यांवर लिहिली जातात. यादीत नावे मात्र दिसत राहतात.

एम.फिल.च्या काळात, २०१६ मध्ये, सातारा जिल्ह्यातील एका घराण्याचे रुमाल टिपताना हा अनुभव आला. स्वस्तात घेतलेल्या ३२ जीबी कार्डावर सुमारे ११०० छायाचित्रे घेतली. पहिली ८०० ठीक होती, पुढील ३०० उघडलीच नाहीत. प्रत्येक छायाचित्र सुमारे ५ एमबीचे होते. म्हणजे कार्ड ४ जीबीचेच होते. हा हिशेब आधी सुचला नाही.

निवड व वापर :
कार्ड अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे व कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचेच घ्यावे. त्यावरील २, ४, ६, १० हे अंक सेकंदाला किमान किती एमबी लिहिले जातील एवढेच सांगतात. त्याला टिकाऊपणाची हमी समजणे चूक आहे. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून परत वाचून पाहावे. एच२टेस्टडब्ल्यू ही संगणक-प्रणाली हेच काम करते. मोठ्या कार्डास काही तास लागतात, पण बनावट कार्ड येथेच उघडे पडते. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान कार्डे बरी. दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये. चुकून पुसले गेल्यास छायाचित्रण तत्काळ थांबवावे; कारण नवे लेखन होईपर्यंत जुनी माहिती बहुधा तशीच असते.

पुढच्या पावसाळ्यात त्या वाड्याचे छप्पर गळाले व रुमाल भिजले. त्या ३०० कागदांपैकी वहीत उतरवून घेतलेल्या ११ कागदांचा मजकूर तेवढा आज प्रस्तुत लेखकाजवळ आहे.