आयर्लंडचे पब आणि बारमनची फुफ्फुसे

हॉटेलात, बारमध्ये सिगारेट ओढू नये असे आज सगळेच म्हणतात. निदान तोंडाने तरी म्हणतात! पण वीस-बावीस वर्षांमागे युरोपात 'पबमध्ये धूम्रपानबंदी' असे कोणी म्हटले तर लोक हसायचे. त्यातून आयर्लंड! तिथे पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. गावची बातमी आधी तिथे कळते, मयताहून परतणारी माणसे तिथे टेकतात, संध्याकाळी फिडल आणि बासरी तिथेच वाजते. आपल्याकडचा देवळाचा सभामंडप, न्हाव्याचे दुकान आणि तावेर्न एकत्र केले तर जे होईल ते. आणि या सगळ्यावर धुराचा निळसर पडदा. नेमक्या याच देशाने २९ मार्च २००४ या दिवशी पब आणि रेस्टॉरंटांसह कामाच्या जवळजवळ सगळ्या बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केले. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये आणि न्यूयॉर्कने २००३ मध्ये बारमधली सिगारेट बंद केली होती खरी, पण ते एक राज्य आणि एक शहर. अख्खा देश म्हणून आयर्लंड पहिला.

हे जमले कसे, याचे मला फार दिवस कुतूहल होते. आयरिश माणूस काही आपल्यापेक्षा आज्ञाधारक नाही. सरकारच्या नावाने बोटे मोडणे हा तिथलाही आवडता छंद आहे.

मिहाल मार्टिन हे तेव्हा आरोग्यमंत्री होते (पुढे ते पंतप्रधान झाले). ३० जानेवारी २००३ रोजी त्यांनी बंदीची घोषणा केली. त्याच दिवशी शास्त्रज्ञांचा एक अहवाल बाहेर आला. कामाच्या जागी दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर छातीत गेल्याने काय होते, हा त्याचा विषय. वायुवीजनाने, म्हणजे पंखे-झरोके वाढवून, हा धोका टळत नाही असा त्याचा निष्कर्ष होता. मला यातली मेख अशी दिसते, की हा प्रश्न ओढणाऱ्याच्या तब्येतीचा म्हणून मांडलाच गेला नाही. तो नोकरदाराच्या तब्येतीचा म्हणून मांडला गेला. कारखान्यातल्या कामगाराला विषारी वायूत उभे करता येत नाही, मग बारमनला का करावे? गिऱ्हाईक तासाभराने उठून घरी जाते, बारमन आठ-दहा तास तिथेच असतो. बार कामगारांची 'मँडेट' ही संघटनाही बंदीच्या बाजूने उभी राहिली.

पबमालक अर्थात खवळले. गावोगावच्या पबमालकांच्या महासंघाने धंदा बुडेल, नोकऱ्या जातील, पर्यटक पाठ फिरवतील अशी ओरड केली. खुद्द सत्ताधारी पक्षातली काही मंडळी कुरकुरत होती. आधी १ जानेवारी २००४ ही तारीख ठरली होती, ती पुढे ढकलावी लागली. एखादी योजना 'पुढे ढकलली' असा शेरा मारून फाइल परत आली की तिचे पुढे काय होते, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिले आहे की तिथेच हा विषय संपला असता तरी मला नवल वाटले नसते. पण मार्टिन चिकट निघाले.

आता जनमताचे बघा. बंदीच्या अगोदर, डिसेंबर २००३ आणि जानेवारी २००४ मध्ये, संशोधकांनी आयर्लंडमधल्या प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना फोनवर विचारले, पबमध्ये पूर्ण बंदी तुम्हाला मान्य आहे का? फक्त १३ टक्के 'हो' म्हणाले. वर्षभराने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा 'हो' म्हणणारे ४६ टक्के झाले होते. रेस्टॉरंटांच्या बाबतीत हाच आकडा ४५ वरून ७७ वर गेला. आणि एकूण कायदा चांगला की वाईट असे विचारल्यावर ८३ टक्क्यांनी चांगला म्हणून सांगितले. हे सगळे ओढणारे लोक होते, न ओढणारे नव्हेत! लोकांचे मत आधी तयार झाले आणि मग कायदा आला, अशी आपली एक समजूत असते. इथे निदान ओढणाऱ्यांच्या बाबतीत तरी क्रम उलटा दिसतो. आधी विचारले तेव्हा त्यांनी आपल्या धास्तीचे उत्तर दिले, नंतर विचारले तेव्हा अनुभवाचे.

बंड झाले नाही असे नाही. जुलै २००४ मध्ये गॉलवेतल्या एका पबने उघडपणे गिऱ्हाइकांना सिगारेट ओढू दिली. प्रकरण कोर्टाच्या दिशेने जाऊ लागले तशी मालकांनी माघार घेतली. दंड तीन हजार युरोपर्यंत होता, आणि तो मालकाच्याही मानगुटीवर बसत होता, हे विसरून चालणार नाही. बाकी लोकांनी मुकाट्याने दाराबाहेर उभे राहून ओढायला सुरुवात केली. तिथल्या थंडीपावसात! त्या आडोशाला अनोळखी माणसांच्या ओळखी होऊ लागल्या, पोरापोरींची जुळू लागली, आणि त्यासाठी 'स्मर्टिंग' हा स्मोकिंग आणि फ्लर्टिंग यांची मोट बांधणारा शब्द लोकांच्या तोंडी बसला. आत मात्र नवीच पंचाईत. धूर गेल्यावर सांडलेल्या बिअरचा आणि घामाचा वास यायला लागला, तो इतकी वर्षे धुराखाली दबलेला होता.

धंद्याचे म्हणाल तर पुढच्या काळात तिथले बरेच पब बंद पडले हे खरे आहे. पण पबमधली विक्री बंदीच्या आधीपासूनच उतरणीला लागली होती. त्यात पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे नियम कडक झाले, सुपरमार्केटात दारू स्वस्त मिळू लागली आणि २००८ ची मंदी आली. सगळे पाप एका सिगारेटच्या माथी मारता येत नाही. उलट, डब्लिनच्या ४२ पबांतली हवा बंदीच्या आधी आणि नंतर मोजली, तेव्हा सूक्ष्म कण ८३ टक्क्यांनी आणि बेंझीन ८० टक्क्यांनी कमी भरले.

शेजारच्या इंग्लंडमध्ये याच सुमारास वेगळा सूर होता. जून २००४ मध्ये तिथले आरोग्यमंत्री जॉन रीड म्हणाले, की गरीब वस्तीतल्या माणसाला सुख म्हणून जे थोडेफार मिळते त्यात सिगारेट आहे. आपल्याकडे 'गरिबाची विडी' म्हणतात तसलाच प्रकार. जेवण न देणाऱ्या पबना सूट द्यावी, असा त्यांच्या पक्षाचा बेत होता. पण १४ फेब्रुवारी २००६ ला खासदारांनी ३८४ विरुद्ध १८४ मतांनी सरसकट बंदीच पसंत केली, आणि १ जुलै २००७ पासून ती लागू झाली. गरिबाच्या सुखाची काळजी वाहताना, त्याच गरिबाची पोरगी त्या पबमध्ये ग्लास उचलत असते याचा मंत्रिमहोदयांना विसर पडला असावा.

आता आपल्या घरात डोकावू. तंबाखू पोर्तुगिजांनी आणली, शब्दही त्यांचाच. पण बंदीच्या बाबतीत गोवा मागे नव्हता, उलट आयर्लंडच्या पुढे होता. गोव्याचा धूम्रपान व थुंकणे प्रतिबंधक कायदा १९९७ चा आहे. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला, त्यात इस्पितळे, शाळा, वाचनालये, कोर्टे, सरकारी कचेऱ्या, आगगाड्या होत्या. हॉटेले आणि बार नव्हते. २००३ च्या केंद्रीय कायद्यात ती आली, पण तीस किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा मिळाली. २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले, दंड दोनशे रुपयांपर्यंत. साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी प्रवेशद्वारावर हवी, असे मापसुद्धा नियमात आहे. कारकून माणूस, मला अशी मापे आवडतात.

पण त्या वेगळ्या खोलीत बिअर घेऊन कोण जाणार? याचे उत्तर अधिसूचनेत यायला मे २०१७ उजाडले: धूम्रपानाच्या जागेत कोणतीही सेवा देता येणार नाही. जो वेटर आयर्लंडच्या चर्चेत पहिल्या दिवसापासून होता, तो आपल्या नियमात इतक्या उशिरा शिरला.

तीसपेक्षा कमी खुर्च्यांच्या तावेर्नला तर अशी खोलीही करता येत नाही, तिथे पूर्ण बंदी आहे. तरी भिंतीवर पाटी आणि पाटीखाली विडी शिलगावणारे गिऱ्हाईक हे दृश्य मी पेडण्यापासून काणकोणपर्यंत पाहिलेले आहे. ग्लास भरणाऱ्या पोराला हळूच विचारावे, "तुका चलता रे हो धूर?" तो आधी मालकाकडे बघतो.