गर्भकाळ, शैशव आणि मनाची घडण

गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होत असल्यामुळे त्या काळातील पोषण, मातेवरील ताण आणि संगोपन यांचा ठसा पुढील बुद्धी, भावना व वर्तनावर उमटतो. हा ठसा म्हणजे विधिलिखित नव्हे. तो केवळ कल असतो आणि पुढील संगोपनाने बदलू शकतो. अभिमन्यूच्या कथेमुळे गर्भसंस्काराची कल्पना मराठी घरांत रुजली असली, तरी गर्भाला पाठ शिकवता येतो हे सिद्ध झालेले नाही. गर्भ अखेरच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकतो व जन्मल्यावर ओळखतो, एवढे मात्र निश्चित आहे. आईच्या ताटात काय पडते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. हॉलंडमधील १९४४-४५च्या दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३मध्ये परिसरातील सहा गावांत सुरू झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली.

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात हा विषय ऊसतोडीच्या स्थलांतराशी जोडलेला आहे. बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि हंगाम पाच-सहा महिने चालतो. नऊ महिन्यांचे गर्भारपण उरलेल्या सहा-सात महिन्यांत मावत नाही, त्यामुळे दरवर्षी तोडीला जाणाऱ्या स्त्रीच्या प्रत्येक पूर्ण दिवसांच्या गर्भारपणाचा काही काळ फडात जातोच. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, नवराबायकोच्या जोडीवर, म्हणजे ‘कोयत्या’वर ठरत असल्याने गरोदर स्त्रीला मागे राहणे परवडत नाही, ती पहाटे कोपीतून, म्हणजे तळावरच्या झोपडीतून, निघून उसाच्या मोळ्या वाहते आणि तिची अंगणवाडीतील नोंद गावीच राहते. बाळंतपणानंतर तान्हे मूल उसाच्या कडेला झोपवून काम करावे लागते. मूल एका विश्वासाच्या व्यक्तीशी जोडले जाण्याला मानसशास्त्रात ‘अनुबंध’ म्हणतात आणि जॉन बोल्बी यांनी १९५१च्या जागतिक आरोग्य संघटनेसाठीच्या अहवालात तो मानसिक आरोग्याचा पाया मानला. आईची माया इथे कमी नसते, पण मुलाजवळ बसायला तिला वेळच मिळत नाही. स्थलांतरित कुटुंबांसाठीची शासकीय वसतिगृहे शाळकरी मुलांची आहेत. पोटातल्या व अंगावर पिणाऱ्या मुलाला आईबरोबर फडावरच जावे लागते.