ऑलिंपिकच्या रेषेवरचे तिरंदाज

२५ जुलै १९९२ची रात्र. बार्सिलोनाच्या मैदानात अंतोनिओ रेबोयो नावाचा तिरंदाज पेटता बाण घेऊन उभा राहिला. समोर उंचावर ऑलिंपिकचे अग्निकुंड. त्याने नेम धरला, बाण सोडला आणि कुंडातून ज्वाळा उसळली. दूरदर्शनवर ते दृश्य पाहिलेल्यांना ते अजून आठवत असेल. बाण खरे तर कुंडात पडलाच नाही, वरून जाऊन मैदानाबाहेर पडला, आणि तसेच ठरलेले होते. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. रेबोयोला लहानपणी पोलिओ झाला होता. तो पॅरालिम्पिकमध्ये खेळणारा तिरंदाज होता. ऑलिंपिकची ज्योत त्याच्या हातून पेटली, यामागे या खेळाचा एक जुना इतिहास आहे.

तिरंदाज हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तीर म्हणजे बाण, अंदाज म्हणजे टाकणारा. त्याच्याबरोबर कमानही आली, पण मराठीने तिला युद्धातून सोडवून दरवाजावर बसवले आणि घड्याळातही घातले. तीर मात्र आपण अजून मारतो, बहुधा दुसऱ्याला टोमणा देताना. असो.

आधुनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी आली ती १९००मध्ये, पॅरिसला. तेव्हा उंच खांबावर बसवलेले लाकडी पक्षी बाणाने पाडणे हाही स्पर्धेचा एक प्रकार होता. चार वर्षांनी ऑलिंपिक अमेरिकेत सेंट लुईसला भरले, एका प्रचंड जागतिक प्रदर्शनाला जोडून. त्या प्रदर्शनात माणसेही मांडलेली होती. फिलिपाइन्सचे आदिवासी, जपानचे आयनू, पॅटागोनियाचे लोक, आफ्रिकेतले पिग्मी, अमेरिकेतल्या मूळ जमाती. १२ आणि १३ ऑगस्ट १९०४ या दोन दिवशी या लोकांच्या शर्यती घेण्यात आल्या. नाव दिले ‘मानववंशशास्त्र दिन’. धावणे, उडी, गोळाफेक, भालाफेक आणि तिरंदाजी. बहुतेकांनी हे खेळ त्या रूपात कधी पाहिलेच नव्हते, सराव नव्हता, नियम धड समजावले गेले नव्हते. निकाल अर्थातच सामान्य लागले. मग आयोजकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की ‘रानटी’ माणसाच्या शरीरसामर्थ्याच्या गोष्टी खोट्या आहेत, गोरा माणूसच श्रेष्ठ. पुढच्याच महिन्यात त्या शहरात ऑलिंपिकची खरी तिरंदाजी झाली. त्यात उतरलेले सगळेच्या सगळे अमेरिकी होते. एकाच देशाचे लोक एकमेकांशी खेळले आणि पदके वाटून घेतली. त्याला मात्र कोणी प्रयोग म्हटले नाही.

१९०८चे लंडन ऑलिंपिक माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला विशेष जवळचे वाटते. महिलांच्या तिरंदाजीत २५ जणी उतरल्या, साऱ्या ब्रिटिश. त्या ऑलिंपिकमधल्या एकूण स्त्री-खेळाडूंपैकी निम्म्याहून अधिक या एकाच खेळात होत्या. कारण उघड आहे. लांब झगा आणि टोपी न उतरवता खेळता येणारा खेळ सभ्य समाजाला चालत होता. याच जून महिन्यात मतदानाचा हक्क मागत लाखोंचा जमाव लंडनच्या हाइड पार्कमध्ये जमला होता. मत मिळायला अजून दहा वर्षे होती, बाण मारायला मात्र मुभा होती.

स्पर्धा दोन दिवस चालली. ६० आणि ५० यार्डांवरून प्रत्येकीने एकूण १४४ बाण सोडायचे. सोनेरी वर्तुळाला ९ गुण, लालला ७, निळ्याला ५, काळ्याला ३, पांढऱ्याला १. पहिल्या दिवशी लॉटी डॉड पुढे होती. ही साधी बाई नव्हे. पंधराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलेली, पुढे तेच विजेतेपद आणखी चारदा मिळवलेली, गोल्फमध्येही ब्रिटनची विजेती. दुसऱ्या दिवशी क्वीनी न्यूअल तिच्या पुढे गेली आणि ६४२ विरुद्ध ६८८ गुणांनी सुवर्ण घेऊन गेली. न्यूअलचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी सर्वात वयस्क स्त्री हा तिचा मान अजून कोणी हिरावलेला नाही. गंमत अशी, की त्या काळची सर्वश्रेष्ठ तिरंदाज ॲलिस ले ऑलिंपिकला आलीच नव्हती. पुढच्याच आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धा होती आणि तिला ती अधिक महत्त्वाची वाटली. तिथे तिने न्यूअलला १५१ गुणांनी हरवले! ऑलिंपिकची किंमत तेव्हा तेवढीच होती.

१९२०ला अँटवर्पमध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि हॉलंड एवढेच देश उतरले. बेल्जियमचा ह्यूबर्ट व्हॅन इनिस १९००मध्येही जिंकला होता, आता ५४व्या वर्षी पुन्हा जिंकला. नंतर हा खेळ ऑलिंपिकमधून गेला तो ५२ वर्षे परतला नाही. प्रत्येक देशाची अंतरे वेगळी, लक्ष्य वेगळे, आणि यजमान आपल्या पद्धतीने स्पर्धा घेणार. मग बाहेरचा येईल कशाला? १९३१मध्ये तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या ल्विव शहरात आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नियम एक होऊ लागले. तरी परतायला १९७२चे म्युनिक उजाडावे लागले.

या मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी जवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सोळा स्त्री-पुरुष सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेला हा ज्यू डॉक्टर. चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्य ओढता येते, छाती आणि खांदे बळकट होतात, हे त्याने हेरले होते. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ या स्पर्धेत आहे. म्हणजे मुख्य ऑलिंपिकने ज्या खेळाला बाहेर काढले होते, त्याच खेळाने अपंगांच्या क्रीडाविश्वाचा दरवाजा उघडला.

तिथून निघालेला धागा न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉलपर्यंत येतो. मोटारसायकलच्या अपघातात तिची कमरेखालची हालचाल गेली. १९८२च्या ब्रिस्बेन राष्ट्रकुल स्पर्धेत ती धडधाकट तिरंदाजांविरुद्ध खुर्चीतून खेळली आणि सुवर्ण जिंकली. बसून नेम धरण्याचा फायदा होतो का, असे तिला विचारले गेले, तेव्हा तिचे उत्तर होते की आपण उभे राहून कधी बाण मारलाच नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. १९८४मध्ये ती लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उतरली. क्रमांक ३५वा आला. पण चाकाच्या खुर्चीवरून ऑलिंपिक खेळणारी ती पहिली खेळाडू.

आपल्याकडचा लिंबाराम उदयपूर भागातल्या आदिवासी पाड्यावरचा. लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपायचा. १९८७मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या निवड चाचणीत तो सापडला आणि पुढच्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये उभा राहिला. पुढे आणखी दोन ऑलिंपिक खेळला. त्याच्याविषयी लिहिताना ‘रक्तातच तिरंदाजी’ असे हमखास लिहिले जाते. मला ते खटकते. झुडपातल्या तित्तिरावर एक बाण मारणे आणि ९० मीटरपासून ३० मीटरपर्यंत, चार अंतरांवरून रंगीत कागदावर १४४ बाण मारणे यात रक्ताचा संबंध फारसा नाही. धनुष्य वेगळे, दम वेगळा, दृष्टी वेगळी. ते सारे लिंबाराम शिकला, कारण त्याला शिकवले गेले. सेंट लुईसला आणलेल्या माणसांना तेवढी संधी मिळाली असती तर?

ऑलिंपिकचे तिरंदाजी पदक भारताला २०२४च्या पॅरिसपर्यंत मिळालेले नाही. तिथे धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत मिश्र सांघिक प्रकारात चौथे आले. पॅरालिम्पिकमध्ये मात्र हरविंदर सिंगने त्याच पॅरिसला सुवर्ण मिळवले, आणि दोन्ही हात नसलेली जम्मू-काश्मिरातल्या किश्तवाडची शीतल देवी पायाने धनुष्य पेलून राकेश कुमारसह कांस्यपदक घेऊन आली.

आणि आपला सातारा. खाशाबा जाधवांचा जिल्हा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरांचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने वैयक्तिक अंतिम फेरीत आपल्याच अभिषेक वर्माला १४९-१४७ असे हरवून सुवर्ण घेतले, साताऱ्याच्या अदिती स्वामीला वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण मिळाले. दोघांचाही सराव साताऱ्यात, उसाच्या शेतातल्या एका प्रबोधिनीत झालेला. पण हे दोघे ज्या कम्पाउंड धनुष्याने, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याने खेळतात, त्याला ऑलिंपिकमध्ये आजवर जागा नव्हती. ती २०२८ला मिळणार आहे, एक पुरुष आणि एक स्त्री अशा मिश्र सांघिक प्रकारात. स्पर्धा लॉस एंजेलिसला आहे, जिथे नेरोली फेअरहॉल खुर्चीतून खेळली होती.